हवाबंदूक : काम क्रमांक एक

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदनानंतर भय्यासाहेबांकडे पोहे होते. भय्यासाहेब म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. कुळातली तलवार त्यांच्याकडे आहे, त्यामुळे कुळातलं शेवटचं वाक्यही त्यांच्याकडेच असतं. दहा-बारा माणसांत मला म्हणाले, "अनुपम, एकतीस वर्षं तोफांच्या कारखान्यात काढलीस. घरी काय आणलंस? डबा!"

सगळे हसले. सत्यभामावहिनी पोह्यांवर खोबरं पेरता पेरता हसल्या. आमची सौ. प्रमोदिनीसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून, म्हणजे मला दिसू नये इतपत आणि मला दिसेल इतपत.

यात खोटं काही नाही, हेच वाईट. मी कागदपत्र विभागात आहे. तोफ मी जवळून दोनदा पाहिली : एकदा रुजू झालो तेव्हा, गेटपाशी शोभेला ठेवलेली, आणि एकदा तिला रंग दिला तेव्हा. आमच्या चेरीताल मोहल्ल्यात मात्र मी 'तोपवाले अंकल' आहे. हा समज मी एकतीस वर्षं मोडला नाही. जपला, असंही कुणी म्हणू शकेल.

आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या तोफखान्यातून इकडे आले असं म्हणतात. म्हणतात म्हणजे भय्यासाहेब म्हणतात. तोफखान्याच्या वंशजांकडे तलवार कशी आली, हे त्यांना कुणी विचारत नाही.

ठरलं. येत्या खंडेनवमीला शस्त्रपूजेच्या पाटावर त्या तलवारीशेजारी माझ्या हातची बंदूक असेल. हवेची. दारू नाही, गोळी नाही, नुसती हवा. आणि हवेची आमच्या खात्यात कधीच टंचाई नव्हती.

घरी येताना प्रमोदिनी स्कूटरवर मागून तिच्या भावाच्या सदर बाजारातल्या दुकानाबद्दल काहीतरी सांगत होती. म्हटलं, नंतर.

१८ ऑगस्ट

आरंभ शास्त्रशुद्ध केला. आधी ड्रॉइंग, मग जॉब कार्ड. कारखान्यात जॉब कार्डाशिवाय खिळासुद्धा जागचा हलत नाही. कार्डावर लिहिलं : 'काम क्रमांक १. हवाबंदूक, एक नग.' खाली तीन रकाने : करणारा, तपासणारा, शेरा. 'करणारा' मध्ये माझं नाव लिहिलं. तपासणाराही मीच म्हणणार होतो, पण जो करतो त्यानं तपासू नये असा नियम आहे, आणि नियमाची फाइल माझ्याच टेबलावर असते. म्हणून प्रमोदिनीला बोलावलं.

"इथं सही कर."

"काहून?"

"तपासनीस म्हणून."

"करते. पण तपासू काय?"

"सही कर म्हटलं ना. तपासायचं काय त्यात?"

तिनं सही केली. मग बराच वेळ ड्रॉइंग बघत उभी राहिली आणि म्हणाली, "इथून हवा जाईल." मी हसलो. हवा जाईल म्हणे! ती जावी म्हणूनच तर बंदूक.

२३ ऑगस्ट

ओमतीच्या बाजारात पाइप आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "टंकी का काम है, भैया?"

म्हटलं, "नहीं. तोप का."

त्यानं वरही पाहिलं नाही. "अच्छा. तोप में एल्बो लगेगा कि टी?"

जबलपुरात हा एक फायदा आहे. इथं तोफेचं कुणाला कौतुक नाही आणि भीतीही नाही. दर चौथ्या घरात कुणीतरी तोफेच्या कशाला तरी हात लावून निवृत्त झालेला असतो.

हवा भरायला झडप हवी. प्रमोदिनी म्हणाली, "सायकलच्या ट्यूबचा वॉल लावा ना. दादाकडून आणून देते."

इथं एक खुलासा करून ठेवतो. तिचं माहेर सदरचं. मूळ यवतमाळकडचे लोक, वडिलांनी छावणीच्या बाजारात सायकलचं दुकान टाकलं. आता ते तिचा भाऊ पुंडलिक चालवतो. लग्नाआधी तिचं नाव पुष्पा. आमच्याकडे आल्यावर तांदळात अंगठीनं लिहून प्रमोदिनी ठेवलं, कारण भय्यासाहेबांच्या आईंना पुष्पा हे नाव 'बाजारातलं' वाटलं. दुकानाच्या पाटीवर मात्र अजून 'पुष्पा सायकल स्टोअर्स' आहे. पाटी बदला म्हणून मी पुंडलिकला दोनदा सुचवलं. तो म्हणतो, "जावईबापू, पाटी बाबांनी रंगवली जी." असो.

तोफखान्याच्या वारसानं सायकलचा वॉल लावायचा, हे मनाला पटेना. ओमतीहूनच एक पितळी झडप आणली. झडप दिसायला भारदस्त आहे.

३० ऑगस्ट

आज पहिली चाचणी झाली. मागं जोडलेल्या पंपानं हवा भरली, नळीत अर्धा बटाटा बसवला (गोळा म्हणून सध्या बटाटाच, गोल असतो, स्वस्त असतो, कुणाला लागला तर क्षमा मागता येते), आणि खटका ओढला.

फुस्स.

बटाटा जागचा हलला नाही. हवा झडपेतून गेली, सांध्यांतून गेली, माझ्या मते काही हवा मुळात आलीच नव्हती. प्रमोदिनी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "पाण्यात बुडवा."

"बंदूक पाण्यात?"

"बुडबुडे येतात ना जी. जिथून येतात तिथं भोक."

मी म्हटलं, कारखान्यात याला वेगळी पद्धत असते. कोणती, ते तिनं विचारलं नाही. बरं झालं.

३१ ऑगस्ट

चमत्कार! संध्याकाळी घरी आलो तर बंदूक हवा धरून होती. सांधे पक्के झालेले. चिकटवायचं द्रावण मुरायला वेळ लागतो, एवढाच काय तो प्रश्न होता. पितळी झडपेच्या जागी सायकलचा वॉल दिसला. मीच नाइलाजानं बसवला असणार, पण आठवत नाही. कामात गुंग झालं की असं होतं. मोठमोठ्या संशोधकांचं होतं.

प्रमोदिनीची नखं काळी होती. विचारलं तर म्हणाली, तवा घासला.

६ सप्टेंबर

आज गच्चीवर चाचणी. उडाला! बटाटा उडाला! नळीतून सुटला, पेरूच्या झाडावरून गेला आणि शेजारच्या गौतमजींच्या पाण्याच्या टाकीवर असा आदळला की गल्लीतली कुत्री उठून बसली. गौतमजी गच्चीवर आले. हातात अर्धा बटाटा.

"भाई साहब, सब्ज़ीवाले से नाराज़ हैं क्या?"

सांगितलं, संशोधन चालू आहे. म्हणाले, "अच्छा, चलो. अगली बार टमाटर से मत करना, महँगा है."

सलोनीचा, म्हणजे लेकीचा, पुण्याहून फोन आला होता. तिला सगळं सांगितलं. ती तिच्या त्या अर्ध्या हिंदी मराठीत म्हणाली, "बाबा, सही है! आई काय म्हणते?"

"आई ठीक आहे."

"आई कशी आहे नाही विचारलं. आई काय म्हणते?"

"काही नाही. ती कुठे काय म्हणते?"

मग म्हणाली, "फोन द्या तिला." मायलेकी अर्धा तास बोलल्या. दुकान, दुकान असं कानावर येत होतं. हल्ली बायकांना खरेदीशिवाय विषय नाही.

१४ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीला पुंडलिक आला. दसऱ्यानंतर तो मुलाकडे, विपुलकडे, नागपूरला राहायला जातोय. गुडघे गेले, बसून काम होत नाही म्हणाला. दुकान एक मोबाइलची कव्हरं विकणारा मागतोय. दसऱ्याच्या आत किल्ली कुणाच्या तरी हातात द्यायची आहे.

"बाबांची जागा आहे जी, जावईबापू," तो म्हणाला. "पुष्पी लहानपणी शाळेतून आली की दप्तर टाकून तिथंच बसायची. दहाव्या वर्षी चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढत होती. माझ्याहून हात सफाईचा."

मी म्हटलं, लहानपणी सगळेच काही ना काही काढतात.

मोदक वळता वळता प्रमोदिनी म्हणाली, "अहो, मी काय म्हणून राहिली होती, ते दुकान…" तेवढ्यात मला खटक्याच्या स्प्रिंगची एक नामी कल्पना सुचली. हं म्हटलं आणि कागद आणायला उठलो.

२० सप्टेंबर

आजचा दिवस लिहू नये असा आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

नळीच्या मापाचा जोड हवा होता. बंदूक चादरीत गुंडाळून स्कूटरवर ओमतीला निघालो. चौकात तपासणी चालू होती. शिपायानं विचारलं, "ये क्या है?"

शासकीय नोकर खोटं बोलत नाही. म्हटलं, "बंदूक."

गेल्या दिवाळीत पाइपाच्या कार्बाइड बंदुकींनी पोरांचे डोळे गेले, तेव्हापासून पाइपातून आवाज काढणाऱ्या कुठल्याही वस्तूचं नाव काढलं की पोलिसांचे कान टवकारतात, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मला ठाण्यात नेलं. तिथले साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हटलं, सगळं रीतसर आहे, आणि पिशवीतून ड्रॉइंग, जॉब कार्ड, चाचणी क्रमांक एक आणि दोनचे अहवाल टेबलावर मांडले. त्यात गौतमजींच्या टाकीचं अंतरही पावलांत मोजून लिहिलेलं होतं.

साहेबांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, "बक्षी जी, आपने तो चार्जशीट भी खुद ही बना दी."

घरी फोन गेला. प्रमोदिनी आली, हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर ना भीती ना काही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाली, "सर जी, ये पंप है. इनको नाम बड़ा रखने की आदत है."

"पंप?"

"दिखाऊँ?"

तिनं माझी बंदूक टेबलावर आडवी घातली, नळी पिळून काढली, खटका बाजूला ठेवला, पिशवीतून रबराचा एक तुकडा काढून कुठेतरी सारला. एवढ्यात मी धड 'अगं' सुद्धा म्हटलं नव्हतं. मग बाहेर गेली आणि शिपायाच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकात हवा भरून दिली. चाक खरंच बसलेलं होतं. अंगठ्यानं दाबून पाहिलं, म्हणाली, "पीछे वाला भी कम है, भैया. और टायर घिस गया है, बारिश में फिसलोगे."

साहेब खूश. "दीदी, दुकान कहाँ है आपकी?"

"सदर में. दशहरे से."

काय सफाईनं खोटं बोलते! नवऱ्याला सोडवायला बाई पोलिसासमोर दुकान उभं करते, तेही ठिकाणासकट. मी मनात दाद दिली. पण एक सल राहिला तो राहिलाच. एका क्षत्रिय परंपरेच्या शस्त्राचा सरकारी जागेत पंप झाला.

यापुढे बंदूक घराबाहेर न्यायची नाही, उडवायचीच तर माणसांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून, अशी समज मिळाली. भय्यासाहेबांचं घर घरातच मोडतं, असा अर्थ मी लावला आहे.

घरी येताना ती म्हणाली, "तुम्हाला राग आला का?"

म्हटलं, "शस्त्राचा अपमान झाला."

"आणि मोटारसायकलवाल्याचं चाक?"

हा प्रश्न मला समजला नाही.

२ ऑक्टोबर

पितृपक्ष. नवं काम करू नये, म्हणून जुनंच करतोय. बंदूक आता माझ्या शब्दाबाहेर नाही. एखाद्या दिवशी बिघडते, दुसऱ्या दिवशी घरी येतो तो आपोआप सुधारलेली असते. यंत्रालाही स्वभाव असतो. त्याला उसंत दिली की ते सावरतं. कारखान्यात हे कुणाला सांगून पटणार नाही.

भय्यासाहेबांना फोन करून सांगितलं की यंदा कोहळा मी फोडणार. बंदुकीनं.

कोहळ्याचं इथं लिहून ठेवायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडे पूजा झाल्यावर तलवारीच्या एका घावात कोहळ्याचे दोन तुकडे करतात. मान भय्यासाहेबांचा. तलवार आहे शे-दोनशे वर्षांची, तिला आता लोणीसुद्धा जरा समजुतीनं कापावं लागेल. म्हणून कोहळा आधी स्वयंपाकघरात विळीवर चिरून, पुन्हा नीट जुळवून, वर कुंकवाचं बोट ओढून पाटावर आणतात. भय्यासाहेब 'जय भवानी' म्हणून तलवार टेकवतात आणि कोहळा दुभंगतो. टाळ्या होतात. हे गुपित घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच ते टिकलं आहे. चिरायचं काम दर वर्षी प्रमोदिनीकडे. तिचा हात असा नेमका की जोड दिसत नाही.

भय्यासाहेब फोनवर म्हणाले, "बटाट्यानं कोहळा फोडणार? ही लढाई आहे की भाजी?"

मी म्हटलं, "आधी तुम्ही. तुमच्यानं नाही झालं तर मी."

"माझ्यानं नाही झालं असं अठ्ठावीस वर्षांत झालेलं नाही!"

दोघांनाही खरं माहीत. पण आवाज दोघांचेही खरे होते.

११ ऑक्टोबर

घट बसले. प्रमोदिनीनं घटाशेजारी एक किल्ली ठेवून तिला हळद-कुंकू वाहिलं. देवीला किल्ली कशाला, हे विचारायचं राहून गेलं, कारण मी नेम धरत होतो. ती मागे उभी राहून सांगत होती : उद्यापासून दुपारची जाईन, दादा सगळं समजावून देऊन राहिला आहे, तुमचा डबा सकाळीच करून ठेवत जाईन, चालेल ना?

हं म्हटलं. नेम भिंतीवरच्या खिळ्यावर धरला होता, लागला कॅलेंडरला. एकाच बटाट्यात अख्खा ऑक्टोबर गेला.

१८ ऑक्टोबर

उद्या मोठा दिवस. बंदूक पुसून ठेवली. प्रमोदिनीनं येऊन पंपाचा दांडा दोनदा वरखाली केला, कान लावून ऐकलं.

"आतलं वॉशर गेलं आहे. बदलावं लागेल."

"काल तर उडत होती."

"काल उडत होती. चामडं वाळून राहिलं आहे. आणि हे बघा, मी उद्या तिकडे येणार नाही. तिथं पूजा मांडायची आहे. पहिलीच आहे. तुम्ही याल का, पाच मिनिटं?"

"उद्या? उद्या खंडेनवमी!"

"म्हणूनच तर."

म्हटलं, मंदिरात वगैरे असेल तर आटपून ये, आणि वॉशरचं मी बघतो. एकतीस वर्षं काय गवत उपटलं? तिनं माझ्याकडे पाहिलं. चामड्याचं वॉशर बदलताना बघावं तसं. मग हातातलं नवं वॉशर पिशवीत परत टाकलं.

वॉशर पाहिलं. म्हणजे बाहेरून पाहिलं. ठीक वाटलं.

१९ ऑक्टोबर

क्रमानं लिहितो.

भय्यासाहेबांकडे अठरा माणसं. पाटावर तलवार, तिच्या शेजारी माझी बंदूक, दोन्हींना झेंडूच्या माळा. जॉब कार्डही ठेवलं होतं, त्यालाही कुणीतरी हळद लावली. पाटावर अखंड, हिरवा, पांढऱ्या लवीचा कोहळा. जोड जराही दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, यंदा प्रमोदिनीनं कमाल केली. मग आठवलं, ती तर आलेलीच नाही.

हे आठवेपर्यंत भय्यासाहेब 'जय भवानी' म्हणाले होते.

टण्ण.

कोहळा पाटावरून घरंगळला आणि सोफ्याखाली गेला. ओढून आणला. दुसरा घाव भय्यासाहेबांनी, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, खराखुरा घातला. तलवार बोटभर रुतली आणि अडकली. वर उचलली तर तिच्याबरोबर कोहळाही वर आला. एका हातात शस्त्र, शस्त्रावर शत्रू, असे ते उभे. सत्यभामावहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! प्रमोदिनी नाही तर चिरलाच नाही कुणी!"

अठ्ठावीस वर्षांचं गुपित अठरा माणसांसमोर मोठ्यानं बोललं गेलं. आता माझी वेळ होती. कोहळा सोडवून भिंतीला टेकवला, सगळ्यांना मागे केलं, बटाटा बसवला, पंप मारायला लागलो. वीस, तीस, चाळीस. दांडा हलका लागत होता; मला वाटलं, सराव झाला. खटका ओढला.

फुस्स.

बटाटा नळीच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. बाहेर पाऊस आहे का ते बघावं तसा अर्धा डोकावून राहिला.

कुणी हसलं नाही, हे फार लागलं. भय्यासाहेब माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. सबंध आयुष्यात आम्ही इतके भाऊ कधी दिसलो नसू. वहिनींनी विळी आणली, कोहळा ओढून घेतला आणि खचकन दोन तुकडे केले. कुळाची लाज विळीनं राखली, दर वर्षीप्रमाणेच. यंदा फक्त दिवाणखान्यात.

"तुझी बायको आहे कुठे?" भय्यासाहेब ओरडले.

"मला… मंदिरात असेल."

"मंदिरात कसली?" वहिनी म्हणाल्या. "सदरला. आज तिच्या दुकानाची पहिली पूजा नाही का? मला चतुर्थीलाच सांगितलंन. तुम्हाला नाही सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं. अगदी ठामपणे.

घरी आलो. रागानं ही वही उघडली, तिनं मला कधी, काय सांगितलं नाही याची नोंद काढायला. नोंदी काढणं हे माझं काम आहे, त्यात कुणी माझा हात धरणार नाही.

सोळा ऑगस्ट : 'म्हटलं, नंतर.' चौदा सप्टेंबर : 'हं म्हटलं.' अकरा ऑक्टोबर : 'हं म्हटलं.' काल : 'तुम्ही याल का, पाच मिनिटं?' सगळं माझ्या अक्षरात, तारखेसकट. ओमतीच्या ठाण्यातलं तिचं ते सुंदर खोटंसुद्धा. एकतीस ऑगस्टच्या नोंदीतल्या काळ्या नखांपाशी मी बराच वेळ थांबलो. आमच्याकडे तवा नॉनस्टिक आहे.

ठाण्यातले साहेब बरोबर म्हणाले होते.

बंदूक चादरीत गुंडाळली. मग चादर काढली आणि नळी पिळून घरीच ठेवली. पंपाला पंप म्हणून नेण्यात कायद्याची आडकाठी नसावी. सदरला पोचलो. दुकानाच्या पाटीला झेंडूची माळ होती. आत स्टुलावर पाने-पक्कड, टायर काढायच्या पट्ट्या, जुना उभा पंप, सगळ्यांना हळद-कुंकू. पुंडलिक खुर्चीत गुडघे चोळत बसला होता. मला पाहून उठायला लागला आणि बहिणीकडे पाहून पुन्हा बसला.

ती पाण्याच्या घमेल्याशी बसली होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. शेजारी छावणीतल्या कुणा फौजीची मुलगी चाक नसलेली सायकल धरून उभी.

मी म्हटलं, "उडाली नाही."

"वॉशर," ती म्हणाली. वर न बघता.

"इतके दिवस कोण बदलत होतं?"

"तुम्ही नाही."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं. हं म्हणाले तुम्ही."

पुंडलिक छताकडे पाहू लागला. फौजीच्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या सायकलचं चाक मीच चोरलं.

"कोहळा?" तिनं विचारलं.

"सोफ्याखाली गेला. भय्यासाहेबांनी खरा घाव घातला."

तिचे खांदे हलले. ओल्या मनगटानं तोंड झाकलं, पण या वेळी मला दिसू नये याची फारशी काळजी घेतली नाही. मी पंप पुढे केला.

"एवढं वॉशर…"

"नंबर लावा. आधी हिचं."

मी बाकावर बसलो. ट्यूब पाण्यातून फिरत होती. एका जागी बुडबुड्यांची बारीक रांग वर आली. तिनं तिथं बोट ठेवलं आणि बुडबुडे थांबले. एवढंच. ओरडा नाही, 'जय भवानी' नाही. खटका, ड्रॉइंग, अहवाल, काही नाही. ज्या जागेवरून हवा जाईल असं तिनं अठरा ऑगस्टला सांगितलं होतं, ती जागा मी दोन महिने कागदावर शोधत होतो.

"कार्ड आणलं का?" तिनं विचारलं.

आणलं होतं. नेमकं तेच विसरलो नव्हतो. हळदीचा डाग असलेलं कार्ड गुडघ्यावर ठेवलं. 'तपासणारा' खाली तिची सही होती. 'करणारा' खालचं माझं नाव मी एका रेघेनं खोडलं, शेजारी आद्याक्षरं घातली, तारीख घातली; खाडाखोड रीतसर करायची असते. मग पेन थांबलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि मला कळेना काय लिहावं.

"नाव काय लिहू?"

तिनं घमेल्यातून मान वर केली नाही. एक हात फक्त उचलला. बोटावरून पाणी गळत होतं. ते बोट तिनं बाहेर, वर, पाटीकडे केलं.

२० ऑक्टोबर

दसरा. रजा टाकली आहे. पुष्पानं मला हवा भरायला बसवलं. खातं तेच, हुद्दा कमी.

सलोनीला फोन करून सांगितलं, आई काय म्हणते ते. ती म्हणाली, "बाबा, मला ऑगस्टपासून माहितीये."

बारा वाजता रस्त्यापलीकडे ऑटो थांबला. भय्यासाहेब उतरले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. दोनदा पानाच्या टपरीपर्यंत गेले, दोनदा परत आले. शेवटी आत येऊन, मला सोनं द्यायचं विसरून, हळूच म्हणाले, "ते… धार लावून मिळते का इथं?"

पुष्पानं टॉवेल जरा बाजूला केला, अंगठ्यानं पातं पाहिलं.

"होऊन जाईल. नंबर लावा, भय्यासाहेब."

ते माझ्याशेजारी बाकावर बसले. मी पिशवीतून कोरं कार्ड काढलं आणि लिहिलं : 'काम क्रमांक २. तलवार, एक नग.' 'करणारा' खाली नाव भरताना आज कुणाला विचारावं लागलं नाही.